मांडी त्याची, झोप तुमची

लालबागमध्ये राहणाऱ्या एका ३१ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. अंधेरीतल्या एका कंपनीत ते हिशेबाचं काम बघतात. घरात आई-वडील, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या एका क्लबवर शाळेत असल्यापासून त्यांचा जीव आहे. क्लबचं आणि खेळाडूचं नाव त्यांनी लिहिलं होतं, ते मी गाळलं आहे. असं पत्र कुठल्याही क्लबचा चाहता लिहू शकला असता.

ते लिहितात, की जुलै लागला की त्यांची धास्ती सुरू होते. नवा हंगाम ऑगस्टमध्ये. त्याआधीच्या सराव सामन्यांत कोण लंगडला, सरावाच्या फोटोत कोण दिसला नाही, कुणाच्या गुडघ्याला पट्टी होती, हे शोधत ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन घेऊन जागे असतात. परवा जेवताना बातमी आली, की त्यांचा सर्वांत आवडता मिडफिल्डर मांडीचा मागचा भाग धरून मैदानाबाहेर गेला. त्यांच्या तोंडून निघालं, "अरे देवा, संपलं सगळं!" आईची पोळी तव्यावर करपली. तिला वाटलं, गावाहून कुणाची तरी वाईट बातमी आली. खरं काय ते कळल्यावर वडील एक शब्द न बोलता ताटावरून उठले, पत्नीने दोन दिवस अबोला धरला. त्याच रात्री त्यांनी त्या खेळाडूच्या फोटोखाली लिहिलं, "काचेचं भांडं आहेस तू, पगार कशाचा घेतोस?" सकाळी स्वतःचीच लाज वाटली, पण ती ओळ अजून तिथेच आहे. मित्रांच्या फँटसी लीगमधला, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून कागदावर निवडायचा, संघ हंगाम सुरू व्हायच्या आधीच ११ वेळा बदलून झाला आहे. पत्राच्या शेवटी असंही आहे, की कॉलेजात ते स्वतः खेळायचे, 'गुडघ्यामुळे सुटलं'. रविवारी मित्र टर्फवर खेळतात तेव्हा ते बाहेर बसून सगळ्यांचे फोन आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतात.

त्यांचा प्रश्न असा: "ताई, हे वेड आहे का? बायको म्हणते, बघणंच सोडून दे. पण ते सोडलं तर माझं असं काय उरतं?"

नमस्कार,

सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचाल.

या शहरात माणसाला स्वतःची अशी जागा फार थोडी मिळते. दोन खोल्यांत पाच माणसं, लोकलमध्ये दुसऱ्याच्या कोपरात आपलं नाक, ऑफिसात दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब. त्यात शनिवारी रात्री दहाची मॅच ही तुमची दोन तासांची जागा असेल, तर ती कुणी काढून घेऊ नये. आणि तुमच्या पत्नीलाही मॅच खुपत असेल असं मला वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय, की हंगाम सुरू असताना ती शेजारी येऊन बसते, एक गोलरक्षक तिलाही आवडतो. तिची तक्रार जुलैबद्दल आहे. जुलैत तुमच्याकडे मॅच नसते, नुसती मॅचची भीती असते, आणि भीतीच्या शेजारी येऊन बसता येत नाही.

पण ती भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. "एक खेळाडू नसला म्हणून काय झालं" असं सहज म्हणणाऱ्याला हा खेळ कळलेला नसतो. मँचेस्टर सिटीने सलग चार वेळा प्रीमियर लीग जिंकली होती. २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध त्यांचा मिडफिल्डर रॉड्रीच्या गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. पुढच्याच महिन्यात तो कुबड्यांवर पॅरिसला गेला आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर घेऊन आला. इकडे त्याच्याविना सिटीची मधली फळी उघडी पडली आणि हंगामअखेर संघ तिसरा आला. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींचा 'यूएफा' या तिथल्या फुटबॉल महासंघाने २००१ पासून अभ्यास चालवला आहे. त्यातही हेच दिसलं: ज्यांचे खेळाडू जास्त सामन्यांना उपलब्ध, ते संघ गुणतक्त्यात वर. तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो तो अज्ञानातून येत नाही. तुम्हाला खेळ कळतो म्हणून येतो.

मात्र "संपलं सगळं" हे वाक्य घ्या. ते मला तपासून बघायचं आहे, कारण त्या वाक्याने तुमच्या घरातलं जेवण थांबलं.

१७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकचा गुडघा गेला. गतविजेत्या संघाचा कणाच तो. काही आठवड्यांनी जो गोमेझ गेला, मग जोएल मातिप. तिन्ही मुख्य सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारे, हंगामाबाहेर. त्या वेळी तुमच्यासारखेच कितीतरी जण "संपलं" म्हणाले असतील, आणि विजेतेपदापुरतं ते खरंही ठरलं. पण त्यानंतर काय झालं? नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स ही फारशी कुणाला माहीत नसलेली मुलं मोठमोठ्या स्ट्रायकरसमोर उभी राहिली. १६ मे २०२१ ला वेस्ट ब्रॉमविरुद्ध भरपाई वेळेत कॉर्नर मिळाला आणि गोलरक्षक अ‍ॅलिसन स्वतःचा गोल सोडून पुढे धावत गेला. त्याने हेडर मारला आणि संघ जिंकला. लिव्हरपूलच्या इतिहासात अधिकृत सामन्यात गोलरक्षकाने केलेला तो पहिला गोल. संघ तिसरा आला, चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. ऑक्टोबरमध्ये टीव्ही बंद करून बसलेल्याला तो हेडर दिसला नसता.

जर्मनीचा मार्को रॉइस २०१४ च्या विश्वचषकाला निघायच्या आदल्या दिवशी आर्मेनियाविरुद्धच्या सराव सामन्यात घोट्याचं लिगामेंट फाटून बसला. जर्मनी विश्वविजेता झाला आणि अंतिम सामन्यात गोल करणाऱ्या गोट्झेने नंतर रॉइसचा शर्ट हातात धरला. रॉइसचं दुःख त्याने कमी झालं नसेल. पण संघाचं 'सगळं' संपलं नव्हतं.

आता थोडं दुखापतीबद्दल, कारण मला वाटतं तुमची निम्मी धास्ती अर्धवट माहितीतून येते. रात्री दोनपर्यंत इतकं वाचूनही ती अर्धवट राहते, ही त्यातली गोम.

यूएफाच्या त्याच अभ्यासाचा हिशेब असा, की २५ खेळाडूंच्या संघात एका हंगामात साधारण ५० दुखापती होतात. तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला हा आकडा लगेच कळेल: जवळजवळ दर आठवड्याला एक. म्हणजे दुखापत हा तुमच्या क्लबवर कोसळलेला कोप नाही, हा हंगामाचा नेहमीचा खर्च आहे. तो कुठल्या महिन्यात जास्त पडेल एवढंच आधी कळत नाही. त्यातही मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत २४ टक्के झाला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले. पूर्ण वेगात धावताना पुढे गेलेला पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी हा स्नायू सर्वांत जास्त ताणलेला असतो आणि त्याच क्षणी पायाला आवरतही असतो. तिथे तो फाटतो. थोडे तंतू फाटले तर दोन-तीन आठवडे, जास्त फाटले तर दीड-दोन महिने, आणि स्नायू हाडापासून सुटला तर शस्त्रक्रिया आणि कित्येक महिने. यातलं नेमकं कोणतं, हे खेळाडू चालत बाहेर गेला की स्ट्रेचरवरून, यावरून ठरत नाही. स्कॅन होतो, अहवाल येतो, फिजिओ रोज ताकद मोजतो, मग अंदाज बांधला जातो. क्लबच्या डॉक्टरलासुद्धा पहिल्या रात्री तारीख माहीत नसते. तुम्ही ती लालबागमधून शोधत होतात.

आणखी एक. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये संघांना दुखापतींची यादी जाहीर करावीच लागते. प्रीमियर लीगमध्ये अशी सक्ती नाही. प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून प्रशिक्षक मुद्दाम मोघम बोलतात. सरावाच्या फोटोत एखादा दिसला नाही, तर तो जिममध्ये असेल, उशिरा सुट्टीवरून आला असेल, त्याच्या घरी बाळ झालं असेल, किंवा फोटोग्राफर दुसऱ्या कोपऱ्यात असेल. तेव्हा मध्यरात्री तुम्ही जे वाचता ती बातमी फार थोड्या वेळा असते. बहुतेक वेळा तुमच्यासारखाच एक घाबरलेला माणूस दुसऱ्या शहरात बसून त्याच फोटोवरून अंदाज बांधत असतो.

मग तुम्ही का वाचता? माझ्या मते यामागे एक समजूत आहे आणि ती फार जुनी, फार माणसासारखी आहे: मी जागा राहिलो तर तिकडे काही वाईट होणार नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढणाऱ्या प्रत्येकाला ही समजूत ओळखीची आहे. २००२ च्या विश्वचषकाआधी डेव्हिड बेकहॅमच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा सगळं इंग्लंड देव पाण्यात ठेवून बसलं होतं. एका मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्या पायाचं चित्र छापलं आणि वाचकांना त्यावर हात ठेवून प्रार्थना करायला सांगितलं. बेकहॅम वेळेत बरा झाला, अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोलही केला. हाड त्याच्या वेळेने जुळलं. कागदावर ज्यांनी हात ठेवले त्यांची मला थट्टा करावीशी वाटत नाही, त्यांचं प्रेम खरं होतं. फक्त त्यांनी हात ठेवून तो काढलाही असेल आणि कामाला गेले असतील. तुमचा हात रात्रभर तिथेच राहतो.

आता त्या ओळीकडे येते. हे बोलणं तुम्हाला बोचेल, पण लाज वाटली असं तुम्हीच लिहिलं आहे, म्हणून बोलते.

काही वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीची मॅच बघायला गेले होते. पाहुण्या संघाचा एक पोरगेलासा खेळाडू उडी मारून खाली आला आणि उठलाच नाही. स्ट्रेचर आलं. ते अजून साइडलाइनच्या आतच होतं आणि माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, "आता बदली कोण येतोय?" मी वळून बघितलं, कारण तोच प्रश्न माझ्याही ओठांवर होता. त्या मुलाने एका हाताने डोळे झाकले होते. तो हात मला अजून आठवतो. खेळाडूच्या शरीराकडे आपण किती लवकर मशीनचा सुटा भाग म्हणून बघायला लागतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि ते आपल्यातल्या चांगल्या माणसांकडूनही होतं.

तुम्ही ज्याला काचेचं भांडं म्हणालात, त्याच्या बाजूने जरा विचार करा. आधी झालेली दुखापत हे पुढच्या दुखापतीचं सर्वांत मोठं कारण असतं. जो एकदा पडला तो पुन्हा पडण्याची शक्यता जास्त, आणि घाईने परतला तर आणखी जास्त. ही घाई त्याच्यावर कोण लादतं? क्लब लादतो, वेळापत्रक लादतं, आणि फोटोखाली लिहिणारे आपण लादतो. २०२५ चा उन्हाळा आठवा. ३२ संघांचा क्लब विश्वचषक १४ जून ते १३ जुलै असा अमेरिकेत झाला आणि १५ ऑगस्टला प्रीमियर लीग सुरू झाली. खेळाडूंची जागतिक संघटना 'फिफप्रो' दोन हंगामांच्या मधे किमान चार आठवड्यांची पूर्ण सुट्टी मागते आहे. त्याच स्पर्धेत ५ जुलैला जर्मनीतल्या बायर्न म्युनिकच्या जमाल मुसियालाच्या पायाचं हाड मोडलं. या शहरातल्या तुमच्याआमच्या कुणालाही मे ते मे सलग काम करायला लावलं तर आपण युनियनकडे जाऊ.

आणि पगाराचं म्हणाल तर सांटी काझोर्ला आठवा. आर्सेनलचा हा हसरा मिडफिल्डर २०१६ मध्ये घोट्याच्या दुखण्याने बाहेर गेला. जखमेत जंतुसंसर्ग झाला, टाचेमागच्या, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेचा काही सेंटिमीटर भाग सडून गेला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. घोट्यावर लावायला त्याच्या हाताची कातडी काढली, त्या कातडीवर त्याच्या मुलीचं नाव गोंदलेलं होतं. तिचं नाव इंडिया. नावाचा एक तुकडा हातावर राहिला, एक तुकडा पायावर गेला. मुलाबरोबर अंगणात चालता आलं तरी खूप, अशा बेताने डॉक्टर बोलत होते. तो २०१८ मध्ये विल्लारेयालकडून परत खेळला, २०१९ मध्ये पुन्हा स्पेनच्या संघात आला. पैसे त्याला मिळत होते. पण पैशांनी वेदना टळत नाही. सगळ्यांचं असं नशीब नसतं: नेदरलँड्सचा स्ट्रायकर मार्को व्हॅन बास्टनने घोट्यापायी शेवटचा सामना खेळला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

ती ओळ आज काढून टाका. त्याने ती वाचली असण्याची शक्यता कमी, पण तुमच्या ग्रुपमधल्या ज्या सात जणांनी तिच्यावर अंगठे दिले, त्यांनी नक्की वाचली आहे. काढलीत हे त्यांनाही सांगा.

आता मला जे खरं विचारायचं आहे ते विचारते.

तुमचं पत्र तीन पानांचं आहे. त्यात एका परक्या माणसाच्या मांडीवर अडीच पानं आहेत. स्वतःच्या गुडघ्यावर दोन शब्द: 'गुडघ्यामुळे सुटलं'. कधी सुटलं? काय झालं होतं? कुणी तपासलं होतं का? तेव्हा तुमच्या खाटेजवळ कोण बसलं होतं? तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी तर्क करते आहे, आणि चुकत असेन तर माफ करा. पण शाळा-कॉलेजच्या वयात पाय मुरगळून 'कट' असा आवाज आलेली, हळद-चुना लावून पंधरा दिवस घरी बसलेली आणि मग मैदानाकडे फिरकलीच नाहीत अशी मुलं मी या शहरात खूप बघितली आहेत. आझाद मैदानात, परळच्या गल्ल्यांत, कोळीवाड्यांत. घरची कमाई एका माणसाची, एमआरआयचा खर्च कुणाला परवडत होता! कुणी बातमी केली नाही, कुणी "परत कधी येणार?" असं विचारलं नाही. अशा मुलाने मोठं झाल्यावर टीव्हीवर कुणाला गुडघा धरून खाली बसलेलं बघितलं, तर त्याच्या छातीत जे हलतं ते नुसतं क्लबप्रेम नसावं. तुम्ही मला विचारलंत, "माझं असं काय उरतं?" मला वाटतं, तुमचं असं जे होतं ते गेल्याचा हिशेब अजून कुणाबरोबर झालेला नाही. तुमच्या पत्नीला ही गोष्ट माहीत आहे का? तिला ती दुखापतीच्या पुढच्या बातमीआधी सांगून बघा. वडिलांनाही विचारा, त्यांना ते दिवस कसे आठवतात. ते ताटावरून न बोलता उठले त्याचं कारण राग होता असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला तितकी खात्री नाही.

आणि तो गुडघा दाखवून घ्या. लालबागहून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथल्या अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर गेलात तर अर्धी रजा पुरेल. गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते पूर्ण तुटलं असेल तर सहसा आपणहून नीट जुळत नाही. पण प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. चांगल्या व्यायामाने मांडीचे स्नायू मजबूत करून बऱ्याच जणांचं रोजचं चालणं, जिने, हलकं धावणं व्यवस्थित होतं. डॉक्टर काय ते सांगतील. हंगाम सुरू व्हायच्या आधी जा, नंतर शनिवार-रविवार भरलेले असतात.

बाकी काही साध्या गोष्टी, तुमच्यासाठी आणि असंच पत्र लिहायचं राहून गेलेल्या इतरांसाठीही.

दुखापतींच्या बातम्यांना दिवसातून एक वेळ द्या. संध्याकाळी घरी येताना गाडीत दादरपर्यंत वाचा, क्लबचं अधिकृत निवेदन आणि प्रशिक्षकाची पत्रकार परिषद एवढंच. आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ. तेव्हा कुणी स्कॅनचा अहवाल जाहीर करत नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. पहिले चार दिवस हात चुळबुळतील.

फँटसीचं तर फार सोपं आहे आणि इतका हिशोबी माणूस हे कसं विसरला याचं मला नवल वाटलं. पहिल्या आठवड्याच्या डेडलाइनपर्यंत कितीही बदल मोफत असतात. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी. हंगाम शुक्रवारी रात्री साडेबाराच्या मॅचने सुरू होत असेल, तर तुमच्याकडे रात्री अकरापर्यंत वेळ आहे. जुलैत केलेले ११ बदल कुठेच मोजले जात नाहीत. त्या शुक्रवारी जेवण झाल्यावर तासभर बसा, १५ जण निवडा, विषय मिटला. ग्रुपमध्येही ठरवून टाका, की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याआधी संघावर चर्चा नाही. बाकीच्यांनाही हायसं वाटेल, माझी खात्री आहे.

घरात असा चाहता असलेल्यांना एक विनंती. "त्याचा तुझा काय संबंध?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं आणि तो गप्प होतो. त्याऐवजी "कोण तो? दाखव बरं कसा खेळतो" असं म्हणा. दहा मिनिटं जुने गोल बघा त्याच्याबरोबर. लाडक्या माणसाबद्दल बोलायला मिळालं, की त्याच्या काळजीने जीव खाणं आपोआप कमी होतं, मग तो माणूस इंग्लंडमध्ये का असेना. आणि तुम्ही स्वतः, फोनवर कितीही वाईट बातमी दिसली तरी जेवताना पहिलं वाक्य "घरचं कुणी नाही, फुटबॉलचं आहे" असं उच्चारायची सवय करा. आईच्या काळजाचा विचार करा, तिला क्लबची नावं माहीत नाहीत.

शेवटचं रविवारबद्दल. पावसाळ्यात ओल्या टर्फवर बूट अडकतो आणि गुडघा फिरतो, आणि तुमचे मित्र गाडीतून उतरून थेट खेळायला लागतात असं तुम्ही लिहिलंय. तिशीतले, आठवडाभर खुर्चीत बसलेले लोक. फिफाने हौशी खेळाडूंसाठी '११ प्लस' नावाचा वॉर्मअप बसवलेला आहे: १५ व्यायाम, २० मिनिटं, साधन फारसं लागत नाही. नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात हे वेगवेगळ्या देशांत तपासून झालं आहे. त्यात एक व्यायाम खास हॅमस्ट्रिंगचा आहे, त्याला नॉर्डिक म्हणतात. गुडघे टेकून ताठ उभं राहायचं आणि कमरेत न वाकता, जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं. शेवटी हात टेकून पडायचं. मांडीचा मागचा स्नायू पहिल्या दिवशी अक्षरशः बोंबलतो, म्हणून सुरुवातीला तीन-चार वेळाच करायचं. एवढ्याशा व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात.

हा व्यायाम एकट्याने होत नाही. मागे बसून कुणीतरी घोटे घट्ट दाबून धरावे लागतात, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. येत्या रविवारी बाटल्या बाकड्यावर ठेवा आणि एकेकाला बोलवा. सात जण म्हणजे चौदा घोटे. तुमच्या गुडघ्याला त्यात काहीच करायचं नाही, फक्त हात लागतात.